शिकणारं मूल, शिकवणारे हात
चित्रांतून संगीताचा वारसा वाचू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

बर्लिनच्या प्राचीन कलासंग्रहात मातीचा एक ग्रीक प्याला आहे. ड्यूरिस नावाच्या चित्रकाराने तो इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रंगवला. प्याल्याच्या बाहेरच्या अंगावर शाळा भरली आहे. कुणी पाटीवर लिहितो आहे, कुणी गुंडाळी उलगडून पाठ म्हणवून घेतो आहे, कुणी फुंकवाद्य वाजवतो आहे. एकीकडे दाढीवाला शिक्षक आणि त्याचा शिष्य समोरासमोर बसले आहेत आणि दोघांच्याही हातात लायर हे तंतुवाद्य आहे. तिथून नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात या. ज्वालामुखीने गाडलेल्या हर्क्युलेनियम शहरातलं एक भित्तिचित्र तिथे जपलं आहे. अर्धा माणूस आणि अर्धा घोडा असलेला कायरॉन त्यात किशोरवयीन अकिलीसला लायर शिकवतो. इथे वाद्य एकच आहे, आणि गुरू शिष्याच्या इतक्या निकट आहे की त्याचा हात थेट त्याच तारांपर्यंत पोचतो.

दोन वाद्यं की एक? या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने सगळ्यात आधी हा साधा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. दोन वाद्यं असली की मूल समोरून पाहतं, ऐकतं आणि आपल्या तारांवर तेच करून बघतं. वाद्य एकच असलं की शिकवणाऱ्याला जवळ यावं लागतं, हातावर हात ठेवावा लागतो, मुलाच्या श्वासाची लय त्याला कळते. दोन्ही रीती आपल्या ओळखीच्या आहेत. पण त्यांचा इतिहास कुणी लिहिला, तर साधनं कुठून आणणार? संगीताचा इतिहास आपण बंदिशी, पोथ्या, स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रणं यांवरून लिहितो. बंदिश काय होती ते पोथी सांगते. ती कशी वाजली ते ध्वनिमुद्रण सांगतं, तेही 1877 मध्ये एडिसनचा फोनोग्राफ आल्यानंतरचंच. ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली कशी, तेव्हा कोण बसलं होतं, कोण उभं होतं, कोण कुणाकडे पाहत होतं, हे मात्र दोन्हींत सापडत नाही. चित्राला आवाज नसतो, पण नेमकी हीच गोष्ट ते धरून ठेवतं.

म्हणून चित्रकला, संगीत आणि बालपणाचा इतिहास या तीन वाटा जिथे मिळतात तिथे उभं राहायचं निमंत्रण मी वाचकांना देतो आहे. या वाटा नव्या नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात वाद्यसंग्रहाचे प्रमुख असलेल्या इमॅन्युएल विंटरनिट्झ यांनी पाश्चात्त्य कलेतल्या वाद्यांवरचा आपला ग्रंथ 1967 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे 1971 मध्ये चित्रांतल्या संगीताची जागतिक सूची करणारा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प उभा राहिला, तो आजही चालू आहे. बालपणाच्या बाजूने फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांचा 1960 चा ग्रंथ महत्त्वाचा. जुन्या चित्रांतली मुलं लहान आकाराच्या मोठ्या माणसांसारखी दिसतात, यावरून बालपण ही कल्पनाच काळाच्या ओघात घडत गेली असं त्यांनी मांडलं. पुढच्या इतिहासकारांनी त्यांच्याशी कडकडून वाद घातला, आणि तो वाद योग्यच होता. तरी चित्रातल्या मुलाकडे पुरावा म्हणून पाहायला त्यांनी शिकवलं, हे ऋण मान्य करायलाच हवं.

वाद्यांचे अभ्यासक वाद्याकडे पाहतात आणि बालपणाचे अभ्यासक मुलाकडे पाहतात. मूल आणि वाद्य यांच्यामध्ये जो तिसरा माणूस बसलेला असतो, तो दोघांच्याही नजरेतून सुटतो. मला बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल.

आधी हे पाहा की पुष्कळ चित्रांत तो माणूस मुळात नसतोच. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात रॉस्सो फिओरेंतिनो या चित्रकाराचा 1521 चा छोटा देवदूत आहे. आपल्याहून मोठ्या ल्यूटवर मान टेकवून ते लालसर पंखांचं बाळ तारा छेडतं. पाहताना जीव हरखून जातो, मलाही ते चित्र फार प्रिय आहे. पण त्या बाळाला कुणी शिकवलं, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. देवदूताला येतच असतं. आपल्याकडे बाळकृष्णाचंही तेच. मळवलीच्या रविवर्मा छापखान्याने आणि पुण्याच्या चित्रशाळेने घराघरांत पोचवलेल्या देवादिकांच्या चित्रांच्या परंपरेत मुरलीधर ठायी ठायी भेटतो, पण त्या मुरलीवर पहिल्या दिवशी फुसकी फुंकर गेली असेल आणि कुणीतरी ओठांची ठेवण सुधारून दिली असेल, असा विचार आपल्या मनाला शिवत नाही. भक्तीच्या दृष्टीने ते ठीकच आहे. दैवी मुलाला शिकावं लागत नाही, हेच तर त्याचं दैवीपण.

अडचण पुढे येते. शिकावं न लागणाऱ्या मुलाची ही कल्पना देवावरून माणसांवर उतरते, तेव्हा ती कौतुकाचं रूप घेऊन येते आणि काहीतरी हिरावून नेते. एखाद्या समाजाबद्दल म्हटलं जातं की संगीत त्यांच्या रक्तातच असतं. म्हणणाऱ्याला वाटतं आपण स्तुती केली. प्रत्यक्षात त्या समाजातल्या पिढ्यान् पिढ्यांच्या शिक्षकांची मेहनत एका वाक्यात पुसून टाकलेली असते. माझ्या मते या सबंध क्षेत्राचा गाभा इथे आहे. शिकणाऱ्या मुलाचं चित्र म्हणजे ही मेहनत झाली होती याची साक्ष.

सतराव्या शतकातल्या नेदरलंड्समधल्या चित्रकारांना वारशाचं भान होतं, पण त्याचा रोख वेगळा होता. म्हातारे गातील तसं पोरं वाजवतील, या अर्थाची तिकडची म्हण याकोब योर्डान्सने 1638 मध्ये मोठ्या पटावर रंगवली. ते चित्र आता अँटवर्पच्या कलासंग्रहालयात आहे. जेवणाच्या टेबलाभोवती तीन पिढ्या, म्हातारे कागदावरून गात आहेत, मुलं फुंकवाद्यं फुंकत आहेत. यान स्टेनने हाच विषय अनेकदा हाताळला. हेगच्या माउरिट्सहाउसमधल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात बाप हसत हसत पोराच्या तोंडाला चिलीम लावतो आहे, आणि त्या बापाला स्टेनने स्वतःचाच चेहरा दिला आहे. संगीत इथे निमित्त आहे. सांगायचं आहे ते हे की मूल मोठ्यांचं सगळंच उचलतं, वाईटही. खाण तशी माती म्हणणाऱ्या आपल्या माणसांना हे चित्र चटकन कळेल. पण इथेही कुणी कुणाला मुद्दाम शिकवत नाही. घरात जे चाललं आहे ते मुलात झिरपतं, एवढंच.

आता अमेरिकेत जाऊ, कारण शिकवण्याची क्रिया चित्रात मध्यभागी आणण्याचं सर्वांत धाडसी काम तिथे झालं असं मला वाटतं. ते कळायला बँजो या वाद्याचा इतिहास थोडा सविस्तर पाहावा लागेल.

पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि उत्तर अमेरिकेत भोपळ्यावर चामडं मढवून, दांडी आणि तारा लावून हे वाद्य घडवलं. हॅन्स स्लोन या डॉक्टरच्या जमेकाविषयीच्या 1707 च्या ग्रंथात अशा वाद्यांचं कोरीव चित्र आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस साउथ कॅरोलायनात काढलेलं ‘द ओल्ड प्लँटेशन’ नावाचं जलरंगातलं चित्र आता व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गमध्ये आहे. त्यात नाचणाऱ्या गुलाम स्त्रीपुरुषांशेजारी एक जण भोपळ्याचा बँजो वाजवतो आहे. तीन लांब तारा आणि एक आखूड तार असं ते वाद्य इतक्या बारकाईने काढलं आहे की आजचे कारागीर जुना बँजो पुन्हा घडवताना त्या चित्राचा आधार घेतात. त्याचा चित्रकार फार काळ अज्ञात होता. तो स्वतः गुलामांचा मालक असलेला जॉन रोज असावा, असा निष्कर्ष 2010 मध्ये पुढे आला. या गोष्टीचं ओझं चित्र पाहताना मनावर राहतं, आणि ते राहायलाच हवं. ज्या डोळ्यांनी तारा नीट मोजल्या, त्याच डोळ्यांनी ही माणसं मालमत्ता म्हणून मोजली होती.

सेनेगल आणि गॅम्बियाच्या भागातल्या जोला लोकांचं अकोंतिंग हे वाद्य बँजोचं जवळचं नातलग मानलं जातं. गॅम्बियाचे अभ्यासक डॅनियल जट्टा यांनी ते जगापुढे आणलं. त्यांचं म्हणणं केवळ आकाराच्या साम्यावर उभं नव्हतं. नखाने तारेवर खालच्या दिशेने आघात करायचा आणि अंगठ्याने आखूड तार छेडायची, ही अकोंतिंगची रीत बँजोच्या जुन्या वादनरीतीशी जुळते. या रीतीचा कागद कुणाकडे नव्हता. समुद्र ओलांडून आलेल्या, नाव बदललेल्या, पुन्हा पुन्हा विकल्या गेलेल्या माणसांनी ती आपल्या हातांत जपली आणि पुढच्या हातांत दिली. साउथ कॅरोलायनात तर गुलामांनी केलेल्या 1739 च्या स्टोनो बंडानंतर पुढच्याच वर्षी कायदा करून गुलामांना ढोल आणि शिंगं वाजवायला बंदी घातली गेली. वारसा देणं हे तिथे सहज घडणारं काम नव्हतं. आई एका मळ्यावर आणि मूल दुसऱ्या मळ्यावर विकलं जाण्याच्या काळात एखादी गत नातवापर्यंत पोचणं, हीच मोठी गोष्ट होती.

एकोणिसाव्या शतकात हाच बँजो गोऱ्या नटांनी उचलला. जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणारे मिन्स्ट्रेल खेळ 1843 पासून अमेरिकेत प्रचंड लोकप्रिय झाले. त्यांच्या जाहिरातींवर आणि गाण्यांच्या पुस्तिकांच्या मुखपृष्ठांवर दात विचकणारा, डोळे वटारलेला, बँजो बडवणारा माणूस छापला जाई. मुलांचीही तशीच चित्रं निघत. त्या चित्रांत बँजो वाजवणं म्हणजे काही विद्या नव्हती, ती खोड होती. शिकण्याचा प्रश्नच नाही, ते त्यांच्या रक्तातच, हा समज अशा लाखो कागदांनी पसरवला.

हेन्री ओसावा टॅनर या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराचं ‘द बँजो लेसन’ हे 1893 चं तैलचित्र या पार्श्वभूमीवर पाहावं. टॅनरचा जन्म 1859 चा, पिट्सबर्गचा. वडील आफ्रिकन मेथडिस्ट चर्चमध्ये धर्मगुरू, पुढे बिशप झाले. आई गुलामीत जन्मलेली होती आणि गुप्त मार्गांनी पळून उत्तरेत आली होती. मुलाच्या मधल्या नावात कॅन्ससमधलं ओसावाटोमी हे गाव आहे, गुलामीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनच्या लढाईचं. फिलाडेल्फियाच्या कला अकादमीत टॉमस एकिन्सच्या हाताखाली टॅनर शिकला, 1891 मध्ये पॅरिसला गेला, आजारपणामुळे 1893 मध्ये घरी परतला आणि त्याच वर्षी त्याने हे चित्र रंगवलं. पुढच्या वर्षी ते पॅरिसच्या सलोन या कलाप्रदर्शनात लागलं. कृष्णवर्णीयांचं जीवन रंगवणाऱ्या पुष्कळांनी त्यातली फक्त हास्यास्पद बाजू पाहिली, त्यांना त्या माणसांबद्दल आपुलकी नव्हती, अशी खंत त्याने त्या काळात लिहूनही ठेवली आहे.

चित्र सुमारे सव्वाशे सेंटीमीटर उंच आहे. साध्या लाकडी जमिनीच्या खोलीत पांढऱ्या दाढीचा म्हातारा खुर्चीवर बसला आहे. त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये एक लहान मुलगा उभा आहे. बँजो मुलाच्या हातात आहे आणि तो त्याच्या अंगमानाने खूपच मोठा आहे. दांडीचा भार म्हाताऱ्याने आपल्या हाताने तोलून धरला आहे. मुलाचं लक्ष खाली, तारा छेडणाऱ्या आपल्या हाताकडे लागलं आहे. पुढे जमिनीवर स्वयंपाकाची भांडी आहेत, मागे पांढरं कापड घातलेलं टेबल आहे. एका बाजूने दिवसाचा निळसर उजेड येतो आणि दुसऱ्या बाजूने चुलीचा तांबूस. दोघांपैकी कुणीही आपल्याकडे पाहत नाही.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम अधोरेखित करतो. मिन्स्ट्रेल चित्रांतला वादक नेहमी पाहणाऱ्याकडे तोंड करून असतो, कारण तो कुणासाठी तरी वाजवतो. टॅनरच्या चित्रात श्रोताच नाही. वाजतं आहे ते एखाददुसऱ्या सुरापलीकडे गेलेलंही नसेल, बहुधा चुकतही असेल. म्हाताऱ्याने वाद्य स्वतःच्या हातात घेतलेलं नाही. इतकी वर्षं वाजवलेला हात आता फक्त आधाराला आहे. ज्याने कधी शिकवलं आहे त्याला ठाऊक असतं की हे किती अवघड असतं. मूल चाचपडतं तेव्हा आपला हात पुढे जातो, तो आवरावा लागतो. टॅनरने तो आवरलेला हात रंगवला आहे.

आता वयांचा हिशोब मांडून पाहा. म्हातारा साठी-सत्तरीचा धरला तर त्याचा जन्म 1823 ते 1833 च्या सुमारास पडतो. म्हणजे तो दक्षिणेतला असेल तर जवळजवळ नक्कीच गुलामीत जन्मला आणि जवानीची वर्षं त्याने गुलामीतच काढली. गुलामी कायद्याने संपली ती 1865 मध्ये. मुलगा त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी जन्मलेला. या दोघांच्या मधली पिढी, मुलाचे आईबाप, चित्रात नाहीत. ते कामावर गेले असतील, आणखी कुठे असतील, चित्र सांगत नाही. आणि हे दोघं आजा-नातू आहेत असं आपण सर्रास म्हणतो, तेही चित्राच्या शीर्षकात नाही. शीर्षकात फक्त धडा आहे. अभ्यासकाने आपलं अनुमान आणि चित्रात प्रत्यक्ष असलेली गोष्ट वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी, हे मी याच चित्रावरून शिकलो.

हे चित्र आज व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. गुलामीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी 1868 मध्ये ही संस्था निघाली. तिथल्या विद्यार्थ्यांचं गायकपथक 1873 पासून गावोगाव फिरून आपल्या आजीआजोबांच्या पिढीची गाणी गाऊ लागलं, आणि त्या पैशांतून संस्थेची व्हर्जिनिया हॉल ही इमारत उभी राहिली. त्यांची गाणी 1874 मध्ये स्वरलिपीसह छापली गेली. ज्या जागी वारशाच्या सुरांनी भिंती उभ्या केल्या, तिथेच वारसा देणाऱ्या हातांचं चित्र टांगलेलं आहे. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाच्या 1903 च्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या ग्रंथात अशीच एक हकिगत येते. त्यांच्या आजोबांच्या आजीने मुलाला जोजवताना गायलेलं आफ्रिकी गाणं घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलं. शब्दांचा अर्थ घरात कुणालाच उरला नव्हता, चाल मात्र सगळ्यांना येत होती. चित्रकाराच्या आणि लेखकाच्या साक्षी एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या की दोन्हींचं वजन वाढतं.

टॅनरचे गुरू एकिन्स यांनी पंधरा वर्षं आधी, 1878 मध्ये, याच विषयाच्या जवळ जाणारं जलरंगातलं चित्र केलं होतं. ते मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. एक मुलगा नाचतो आहे, एक तरुण बँजो वाजवतो आहे आणि एक वृद्ध बारकाईने मुलाच्या पावलांकडे पाहतो आहे. इथे तिन्ही पिढ्या हजर आहेत. मागच्या भिंतीवर एक छोटी लंबगोल तसबीर आहे, तिच्यात अब्राहम लिंकन आपल्या टॅड या मुलाला पुस्तक दाखवत बसले आहेत. एकिन्सने दोन शिक्षणं एका चौकटीत मांडली. लिंकनच्या मुलाला अक्षरांचं शिक्षण मिळतं आहे आणि या मुलाला पावलांचं. चित्र थोर आहे यात शंका नाही. तरी मला त्यात प्रयोगशाळेतल्या निरीक्षणाचं अंतर जाणवतं, टॅनरच्या चित्रात ते नाही. अभ्यासकांचं यावर एकमत नाही आणि वाचकाने आपलं मत स्वतः बनवावं.

टॅनरने त्याच सुमारास आणखी एक धडा रंगवला. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात एक मुलगा बॅगपाइप वाजवायला शिकतो आहे. तेही चित्र हॅम्प्टनमध्येच आहे. म्हणजे शिकवणं हा विषयच त्याच्या मनात घर करून होता. बँजोच्या चित्राला केवळ वंशाच्या प्रश्नाचं उत्तर समजणारे लोक हे दुसरं चित्र विसरतात. आणि त्याच काळात, 1892 मध्ये, त्याच फ्रान्समध्ये चित्रकार रनवार आपल्या पियानोजवळच्या दोन मुली पुन्हा पुन्हा रंगवत होता. त्यातली एक प्रत फ्रेंच सरकारने विकत घेतली, ती आज ओर्से संग्रहालयात आहे. एक मुलगी बसून वाजवते, दुसरी तिच्यावर झुकून उभी आहे, दोघींची नजर समोरच्या स्वरलिपीच्या पानांवर. खोलीत वडीलधारं कुणी नाही. रनवारच्या चित्रात गुरूची जागा कागदाने घेतली आहे, टॅनरच्या चित्रात कागदच नाही. एका वर्षाच्या अंतराने काढलेली ही दोन चित्रं शेजारी ठेवली, तर संगीतशिक्षणाच्या दोन संस्कृती समजावून सांगायला वेगळं व्याख्यान लागत नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा. चित्र म्हणजे खिडकी नाही. कोरीव छापांत डावं-उजवं उलटतं, त्यामुळे वादक डावखुरा दिसतो. चित्रकाराला वाद्य येत नसेल तर बोटं जिथे पडूच शकत नाहीत तिथे पडतात. नमुन्यासाठी बसवलेल्या माणसाच्या हातात वाद्य त्या दिवशी पहिल्यांदाच आलेलं असू शकतं. गिऱ्हाईक कोण होतं, चित्र कुठे टांगायचं होतं, यावर मुलाचे कपडे आणि चेहऱ्यावरचा भाव ठरतो. ही सगळी छाननी कंटाळवाणी वाटली तरी करावी. ती करूनही जे उरतं ते पुष्कळ असतं.

मराठी वाचकाने या परदेशी चित्रांत का रमावं? अमेरिकेतल्या गुलामीचा प्रश्न आपल्याला परका कधीच नव्हता. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत सविस्तर लिहिलं. आणि रक्तातच असतं हे वाक्य तर आपल्या रोजच्या तोंडातलं आहे. ढोलकीवाल्याच्या पोराबद्दल, गोंधळ्याच्या पोराबद्दल, लावणी गाणाऱ्या बाईच्या लेकीबद्दल ते सहज उच्चारलं जातं. त्या पोराने पहाटे किती वेळा मार खाल्ला, संबळाच्या काठीने बोटं किती सुजली, कुणी शेजारी बसून एकच तुकडा शंभरदा म्हणवून घेतला, हे त्या वाक्याखाली झाकलं जातं. शास्त्रीय संगीतातही हे होतं. गोव्याच्या कुर्डी गावातून आलेल्या मोगूबाई कुर्डीकरांची कन्या म्हणजे किशोरी आमोणकर, तेव्हा गळा वारशानेच मिळाला असं बोललं गेलं. किशोरीताई स्वतः मात्र आईच्या, म्हणजे माईंच्या, कडक तालमीबद्दल सांगत. माई स्थायी-अंतरा दोनदाच म्हणून दाखवत, तिसऱ्यांदा नाही. म्हणजे कान किती जागा ठेवावा लागत असेल! तो जागा कान हाच खरा वारसा, आणि तो रक्तातून येत नाही.

आपल्याकडे तालमीच्या आठवणी लिहिल्या गेल्या आहेत, सांगितल्याही गेल्या आहेत. तालमीची चित्रं मात्र फार विखुरलेली आहेत. वारली चित्रांत तारपा वाजवणारा मध्ये आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची वळत जाणारी रांग असते. चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही चित्रं जगभर पोचली. नाचणाऱ्यांच्या त्या रांगेत लहानगे कुठे आहेत, शेपटाला की मध्ये, हे कुणीतरी चित्रामागून चित्र पाहून नोंदवायला हवं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात नर्तकीभोवती वाद्यं वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत, त्यांच्या रचनेवर वाद्यांच्या अंगाने अजून पुष्कळ बोलता येईल. पण सगळ्यात मोठं भांडार घराघरांत आहे. स्टुडिओत काढलेले कुटुंबाचे जुने फोटो, ज्यांत आजोबांच्या मांडीवर पेटी आणि शेजारी टोपी घातलेला नातू असतो. जत्रेत, उरुसात, भजनी मंडळाच्या सप्ताहात काढलेले फोटो, ज्यांत पखवाजाच्या मागून एखादं पोर डोकावतं. तैलचित्रांपेक्षा यांना कमी लेखण्याचं काहीच कारण नाही.

म्हणून सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी दोन कामं सांगेन. पहिलं, टॅनर आणि एकिन्स यांची चित्रं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठी करून पाहावीत, आणि दिसतं ते लिहावं. वाद्यं किती, हात किती, कोणता हात कुणाचा, कोण कुणाकडे पाहतं, कागद आहे की नाही, श्रोता आहे की नाही. अर्थ दुसऱ्या दिवशी लावावा. दुसरं, आपल्या ओळखीच्या एखाद्या वादकाच्या घरी जाऊन जुने फोटो मागावेत. फोटोच्या मागे नाव, गाव, साल मिळालं तर उतरून घ्यावं, त्याची प्रत काढावी, मूळ फोटो घरच्यांना परत द्यावा. मग तो फोटो त्या घरातल्या सगळ्यात वयस्कर वाजवणाऱ्याला दाखवून विचारावं की यात कोण कुणाला काय शिकवतं आहे. ते जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं, आणि आपल्या अंदाजाशी ते जुळलं नाही तर दोन्ही शेजारी शेजारी छापावं.